दमा, खोकला आणि सुवर्णपदक

दिल्लीत ३ ऑक्टोबर २०१० ला राष्ट्रकुल स्पर्धा सुरू झाल्या. त्याच्या साधारण महिनाभर आधी, यजमानांची तयारी शेवटच्या टप्प्यात असताना, ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या चाचण्यांत डझनभर भारतीय खेळाडू अडकल्याची बातमी आली. राजीव तोमर, मौसम खत्री यांच्यासारखे मल्ल त्यात होते. ऋचा मिश्रा, अमर मुरलीधरन आणि महाराष्ट्राची ज्योत्स्ना पानसरे हे तीन जलतरणपटूही होते. खेळ निरनिराळे, पण या साऱ्या गदारोळाच्या मुळाशी असलेले द्रव्य एकच होते : मिथाइलहेक्सेनअमाइन. एली लिली या अमेरिकी औषध कंपनीने ते १९४० च्या दशकात चोंदलेले नाक मोकळे करण्याचे, हुंगायचे औषध म्हणून आणले होते. १९८३ मध्ये ते बाजारातून गेले. पुढे २००४ मध्ये अमेरिकेने एफेड्रा वनस्पतीपासून बनणाऱ्या पूरक आहारावर बंदी घातली आणि ताकदीच्या पावडरी विकणाऱ्यांना नवा घटक हवासा झाला. बाल्को या अमेरिकी उत्तेजक प्रकरणात गाजलेला रसायनतज्ज्ञ पॅट्रिक अर्नोल्ड याने २००६ च्या सुमारास हे विस्मृतीत गेलेले नाकाचे औषध पुन्हा वर काढले आणि ते जिरॅनियम या फुलझाडाचा अर्क म्हणून डब्यांवर मिरवू लागले. ‘वाडा’ या जागतिक संस्थेने बंदी यादीत त्याचा नावानिशी उल्लेख केला तो २०१० मध्ये, म्हणजे दिल्लीच्याच वर्षी. त्या स्पर्धांत महिलांची १०० मीटर शर्यत जिंकणाऱ्या नायजेरियाच्या ओसायोमी हिचे सुवर्णही याच द्रव्यापायी गेले. आणि लगेच २०११ च्या यादीत वाडाने हे द्रव्य सौम्य शिक्षेला वाव असलेल्या गटात हलवले, कारण ते अजाणता शरीरात जाण्याची शक्यता मोठी आहे हे तोवर ध्यानात आले होते.

उत्तेजक चाचणीचा पाया असलेला नियम एका वाक्यात सांगता येतो : शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, ते कसे गेले हा प्रश्न नंतरचा. हा नियम कठोर आहे आणि माझ्या मते तो योग्यही आहे. मात्र त्या एका वाक्यात दोन निरनिराळे निवाडे दडलेले आहेत. शर्यतीचा निकाल कायम ठेवायचा की नाही, हा पहिला. खेळाडूचा दोष किती, हा दुसरा. पहिल्याला रसायनशास्त्र पुरते. दुसऱ्याला परिस्थिती पाहावी लागते, वय पाहावे लागते, आणि खेळाडूच्या भोवती असलेले डॉक्टर, प्रशिक्षक व संघटना यांनी आपले काम केले का तेही पाहावे लागते. गेल्या पन्नास वर्षांत क्रीडाविश्व हे दोन निवाडे वेगळे करायला हळूहळू शिकले. तो धडा ज्या प्रकरणांतून मिळाला त्यांत पुन्हा पुन्हा श्वासाची औषधे दिसतात : दम्याची गोळी, नाकाचे औषध, खोकल्याचे सिरप. आणि यातला शेवटचा भाग, म्हणजे खेळाडूभोवतीच्या यंत्रणेचा हिशेब, आपल्याकडे अजून मांडलाच गेलेला नाही.

सुरुवात १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकपासून करावी लागते. मार्क स्पिट्झच्या सात सुवर्णांनी तिथला तलाव गाजवला, पण त्याच तलावात सोळा वर्षांच्या रिक डीमाँटचीही गोष्ट घडली. कॅलिफोर्नियाचा हा मुलगा लहानपणापासून दमेकरी. १ सप्टेंबरला ४०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत त्याने ४ मिनिटे ००.२६ सेकंद अशी वेळ दिली; ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड कूपरची वेळ होती ४:००.२७. सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्ण ठरले. आदल्या रात्री छातीत घरघर सुरू झाल्याने त्याने आपली नेहमीची मॅरॅक्स ही गोळी घेतली होती आणि तिच्यात एफेड्रीन होते. चाचणीत ते सापडले. १५०० मीटरचा विश्वविक्रम त्याच्या नावावर होता, पण त्या अंतिम शर्यतीच्या तोंडावर त्याला तलावावरूनच परत पाठवण्यात आले. ४०० मीटरचे सुवर्णही काढून कूपरला देण्यात आले. यात चोरी कुठेच नव्हती. ऑलिम्पिकआधी भरून घेतलेल्या वैद्यकीय अर्जात डीमाँटने आपला दमा आणि आपली औषधे दोन्ही लिहिली होती. तो अर्ज वाचणे, गोळीतला घटक बंदी यादीशी ताडून पाहणे आणि मुलाला दुसरे औषध देणे हे अमेरिकी पथकाच्या डॉक्टरांचे काम होते. ते झाले नाही. चूक मोठ्यांची झाली आणि भरपाई सोळा वर्षांच्या मुलाने केली.

त्याने उत्तर पाण्यातच दिले. १९७३ मध्ये बेलग्रेडला भरलेल्या पहिल्या जागतिक जलतरण स्पर्धेत त्याने त्याच कूपरला मागे टाकत ४०० मीटर ३:५८.१८ मध्ये पूर्ण केले आणि चार मिनिटांच्या आत हे अंतर पोहणारा तो पहिला पुरुष ठरला. पुढे ॲरिझोना विद्यापीठात त्याने दीर्घकाळ प्रशिक्षक म्हणून काम केले. डीमाँटने आपली वैद्यकीय माहिती रीतसर दिली होती, हे अमेरिकी ऑलिम्पिक समितीने मान्य केले २००१ मध्ये, एकोणतीस वर्षांनी. पदक मात्र परत आले नाही. ते परत यावे असे मलाही वाटत नाही. एफेड्रीन अंगात असताना जिंकलेली शर्यत, जिंकणारा कितीही निर्दोष असला तरी, कूपरच्या दृष्टीने समान शर्यत नव्हती. पण निकाल रद्द होणे आणि मुलाच्या कपाळी डाग लागणे यांत जे अंतर राखायला हवे होते, ते म्युनिकमध्ये कुणाला दिसलेच नाही.

हे अंतर न दिसण्याची किंमत किती विचित्र असते ते चारच वर्षांनी माँट्रियलला दिसले. ॲनाबॉलिक स्टिरॉइडची चाचणी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा झाली ती १९७६ मध्ये. त्याच वर्षी पूर्व जर्मनीच्या मुलींनी जलतरणाच्या तेरापैकी अकरा सुवर्णपदके नेली आणि त्यातली एकही चाचणीत अडकली नाही. त्यामागे सरकारी योजना होती, तिला ‘१४.२५’ असा सांकेतिक क्रमांक होता, आणि ओरल-टुरिनाबॉलच्या गोळ्या कोवळ्या वयाच्या मुलींना जीवनसत्त्वे म्हणून दिल्या जात. बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रे बाहेर आली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने मानफ्रेड एवाल्ड आणि मानफ्रेड ह्योपनर या सूत्रधारांना दोषी ठरवले. माँट्रियलची पदके जिथल्या तिथे राहिली. ज्याने आपले औषध अर्जात लिहिले तो पकडला गेला आणि ज्यांनी लपवून दिले ते चाचणीतून सुटले. चाचणी निकामी आहे असा निष्कर्ष यातून निघत नाही. पण चाचणीचा अहवाल म्हणजे संपूर्ण सत्य, हा समज तरी यापुढे ठेवता येत नाही. कुणाच्या शरीरात काय आहे हे प्रयोगशाळा सांगते. ते तिथे कुणी घातले, हे तपासाने शोधावे लागते, आणि तपासाला चाचणीपेक्षा जास्त वेळ, पैसा व प्रामाणिकपणा लागतो.

वाडाची स्थापना १० नोव्हेंबर १९९९ ला झाली आणि तिची संहिता २००४ पासून लागू झाली. या संहितेच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत दुसऱ्या निवाड्याला थोडी थोडी जागा मिळत गेली. द्रव्यांचे दोन गट झाले. दोष नसणे, दोष कमी असणे अशा पायऱ्या आल्या. २०१५ मध्ये मुद्दाम केलेल्या सेवनाची शिक्षा दोनवरून चार वर्षे झाली. २०२१ मध्ये अल्पवयीनांसाठी संरक्षित व्यक्ती असा वेगळा वर्ग आला. म्हणजे निर्ढावलेल्यांसाठी कायदा कडक झाला आणि अजाण खेळाडूंसाठी बारकाईने पाहणारा झाला. अमेरिकेच्या जेसिका हार्डीचे प्रकरण या बदलाची साक्ष देते. २००८ च्या ऑलिम्पिक निवड चाचणीत तिच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल सापडले. काही देशांत हेही दम्याचेच औषध. ती बीजिंगला जाऊ शकली नाही. पण आपण घेत असलेल्या पूरक आहारातून ते आल्याचे तिने दाखवून दिले, दोन वर्षांची बंदी एक वर्षावर आली, आणि २०१२ मध्ये लंडनला रिलेच्या प्राथमिक फेरीत पोहून तिने सुवर्णपदक मिळवले. डीमाँटला १९७२ मध्ये आपली बाजू मांडायला न मिळालेली जागा हार्डीला मिळाली. बीजिंग गमावणे ही तिची शिक्षा होतीच; पण कारकीर्द गमावण्याची वेळ आली नाही.

आता घराजवळ, ठाण्याच्या परिसरात येऊ. वाडाच्या जन्माच्या आदल्याच दिवशी, ९ नोव्हेंबर १९९९ ला, क्रिकेटपटू पृथ्वी शॉचा जन्म झाला. तो विरारमध्ये वाढला. आज पालघरमध्ये असलेले विरार २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. त्याचा खेळ वेगळा, पण आपल्या भागातून वर आलेल्या खेळाडूच्या बाबतीत उत्तेजक चाचणीचे सर्वांत गाजलेले प्रकरण त्याचेच. २०१३ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ५४६ धावा, २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. पुढच्या फेब्रुवारीत, २२ तारखेला, इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालीन सापडले. खोकल्याच्या सिरपमध्ये सर्रास असणारे, श्वासनलिका सैल करणारे हे द्रव्य. आरोपाची नोटीस निघाली १६ जुलैला. मधल्या काळात तो अख्खे आयपीएल खेळला. ३० जुलैला क्रिकेट मंडळाने आठ महिन्यांची बंदी जाहीर केली. ती मागच्या तारखेपासून, १६ मार्चपासून धरलेली, १५ नोव्हेंबरला संपणारी. शॉने नकळत चूक झाल्याचे मान्य केले आणि मंडळानेही ते स्वीकारले.

या प्रकरणातली खरी गोष्ट मात्र दोन वर्षांपूर्वीची आहे. मार्च २०१७ मध्ये क्रिकेटपटू युसुफ पठाणच्या नमुन्यात हेच टर्ब्युटालीन, अशाच औषधातून आलेले, सापडले होते आणि त्याला पाच महिन्यांची बंदी झाली होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाला कोणते औषध धोक्याचे हे ठाऊक होते. तरी ते ज्ञान एकोणीस वर्षांच्या मुलापर्यंत, त्याच्या संघाच्या डॉक्टरपर्यंत, खोकला झाला तर आधी कुणाला फोन करायचा इथपर्यंत पोचले नाही. शिक्षा दोन्ही वेळा खेळाडूला झाली. संघटनेवर मात्र कसलाच ठपका आला नाही, कारण तिच्या निष्काळजीपणाचे माप काढणारे कलमच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मंडळ अखेर नाडाच्या कक्षेत आले, ही या प्रकरणाची एकमेव संस्थात्मक फलश्रुती.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत हा प्रश्न क्रिकेटपेक्षा पोहण्याच्या बाबतीत अधिक जवळचा आहे, आणि याचे कारण इथली हवा. डोंबिवलीच्या ह.भ.प. सावळाराम महाराज क्रीडा संकुलातला पालिकेचा तरण तलाव घरडा सर्कलजवळ आहे. या चौकाचे नावच रासायनिक कारखान्याचे आणि पलीकडे एमआयडीसी पसरलेली. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काढलेल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत डोंबिवली होती. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. अशा शहरात दमा, बाळदमा, हटता न हटणारा खोकला हे घराघरातले दुखणे आहे. छाती सुधारावी म्हणून मुलांना पोहायला घालण्याचा सल्ला डॉक्टर देतात, आणि तलावाच्या क्लोरीनने काहींची छाती आणखी चिडते तेही खरे. म्हणजे श्वासाचे औषध आणि स्पर्धेचा तलाव एकाच मुलाच्या आयुष्यात एकत्र येणे हा इथे अपघात नाही. मेडिकलमध्ये मिळणारी खोकल्याची बाटली उलटी करून पाहिली, तर बारीक अक्षरांत दर पाच मिलीला टर्ब्युटालीन सल्फेट १.२५ मिलिग्रॅम, सोबत ब्रोमहेक्झीन आणि ग्वायफेनेसीन, असा मजकूर नेहमी आढळतो. जिल्हा पातळीवर पोहणाऱ्या मुलाला त्याने काही होत नाही. तेच मूल राज्याच्या संघात गेले की त्याला दोन सीलबंद बाटल्यांत नमुना द्यावा लागू शकतो आणि गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधे एका अर्जात लिहावी लागतात. आईने दिलेले चमचाभर औषध त्या अर्जात येते, पण लिहिले म्हणून ते माफ होत नाही. टर्ब्युटालीन घ्यायचे तर त्यासाठी आधीच वैद्यकीय सवलत मंजूर करून घ्यावी लागते. सॅल्ब्युटॅमॉलचा पंप मात्र आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅम आणि दिवसभरात १६०० मायक्रोग्रॅम या मर्यादेत चालतो. हा फरक ज्याला माहीत आहे त्याचे मूल सुरक्षित. ज्याला नाही, त्याचे मूल फक्त नशिबाने वाचलेले.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो सरळ आहे. खोकल्याच्या औषधाची सबब एकदा मान्य केली की प्रत्येक जण तीच सांगेल. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर पुराव्याच्या ओझ्यात आहे. द्रव्य कसे आले हे सिद्ध करायची जबाबदारी खेळाडूवरच असते आणि ती तशीच राहावी. पुराव्याशिवाय दया दाखवली की काय होते ते २०१६ मध्ये नरसिंग यादवच्या बाबतीत दिसले. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या या मल्लाच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टिरॉइड सापडले. आपल्या अन्नपाण्यात कुणीतरी ते मिसळले, हे त्याचे म्हणणे नाडाच्या समितीने उचलून धरले आणि तो रिओ ऑलिम्पिकला पोचला. वाडाने अपील केले आणि लढतीच्या तोंडावर, १८ ऑगस्टला, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली, कारण कटाच्या गोष्टीला आधार देणारा ठोस पुरावा समोर नव्हता. चीनच्या २३ जलतरणपटूंच्या नमुन्यांत २०२१ च्या आरंभी ट्रायमेटाझिडीन हे बंदी असलेले द्रव्य सापडले. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ते आले हे चिनी संस्थेचे स्पष्टीकरण गुपचूप स्वीकारले गेले आणि २०२४ मध्ये बातमी फुटल्यावर साऱ्या जलतरणविश्वाचा विश्वास डळमळला. सौम्य शिक्षा हवी असेल तर पुरावा उघड हवा आणि प्रक्रियाही उघड हवी, हाच दोन्हींचा धडा. ज्याला आपले सिरप, त्याची चिठ्ठी आणि तारीख दाखवता येते, तो या कसोटीला उतरतो. नुसती सबब सांगणारा उतरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. भारताचे दुखणे खोकल्याचे सिरप नाहीच, असे कुणी म्हणेल. २०२३ मध्ये भारतात ५ हजारांहून जास्त नमुने तपासले गेले आणि त्यातले ३.८ टक्के सदोष निघाले; इतक्या मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वरचे. त्यात स्टिरॉइडचा वाटा मोठा आहे आणि स्टिरॉइड चुकून चमच्यातून पोटात जात नाही. मग निरागसांची कणव ही मूळ रोगावरून नजर हटवणे नाही का? मला वाटते नेमके उलटे आहे. आज खोकल्याची बाटली पिणारा आणि सुई टोचून घेणारा, दोघांची नावे एकाच यादीत, एकाच मथळ्याखाली छापली जातात. त्यामुळे लोकांच्या मनात दोन टोकांचे समज तयार होतात : सगळेच चोर, किंवा सगळेच बळी. यातल्या दुसऱ्या समजाचा फायदा सुईवाल्यांना होतो. प्रत्येक पकडलेला खेळाडू कटाची किंवा सिरपची गोष्ट सांगतो आणि त्याच्या गावाला ती पटते. अजाण चूक वेळीच रोखली गेली, तर ही आड उरत नाही. शिवाय ज्या यंत्रणेला खोकल्याचे औषध तपासून देता येत नाही, ती व्यायामशाळेतली सुई शोधेल, हा भाबडेपणा आहे. दोन्ही कामांना खेळाडूच्या रोजच्या आयुष्याशी जोडलेली, नाव-पत्ता असलेली जबाबदार माणसे लागतात.

भारतात २०२२ मध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा झाला, नाडाला वैधानिक बळ आले, औषधाचे नाव घालून तपासण्याची सोयही आता हातातल्या फोनवर आहे. तरीही कायद्याचे सारे वजन नमुना देणाऱ्यावर पडते. करायला हवे ते फार अवघड नाही. राज्याच्या संघात निवड झालेल्या प्रत्येक जलतरणपटूचा वैद्यकीय अर्ज एका नेमून दिलेल्या डॉक्टरने वाचून त्यावर सही करावी, म्हणजे अर्ज वाचलाच नाही असे म्हणण्याची सोय कुणाला राहणार नाही. दमेकरी मुलांच्या वैद्यकीय सवलतीचे कागद राज्य संघटनेने स्वतः पुरे करून घ्यावेत. आणि एखाद्या संघटनेचा खेळाडू अशा साध्या औषधापायी अडकला, तर त्याच्या बंदीबरोबर त्या संघटनेचीही चौकशी व्हावी, तिच्या अनुदानाला कात्री लागावी. खेळाडूचा निकाल रद्द होईल, तो व्हायलाच हवा. पण डीमाँटचा अर्ज न वाचणाऱ्या डॉक्टरांना कुणी जाब विचारला नाही आणि पठाणच्या प्रकरणानंतर शॉला सावध न करणाऱ्या मंडळालाही नाही. डोंबिवलीच्या एखाद्या मुलीचे नाव उद्या त्या यादीत छापून येण्याआधी जाब विचारण्याची ही सवय लागायला हवी. ती लागत नाही तोवर आपल्या उत्तेजकविरोधी व्यवस्थेत शिक्षा पुष्कळ आणि सुधारणा थोडी, असेच चालत राहील.